तिवोलीतला मुका धक्का

बेटावरच्या सान्तियागो शहरातल्या, चढउतारांच्या तिवोली भागात गुपित म्हणून काही राहत नाही. वरच्या घरात कुणी शिंकलं तर उताराच्या टोकाला बसलेला माणूस 'बरा हो रे बाबा' म्हणून ओरडतो. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर अशा आपटतात की परक्याला वाटावं, आता डोकी फुटणार. आणि या तोंडाळ गल्लीने कित्येक वर्षं रोज सकाळी एक काम तोंडातून चकार शब्द न काढता केलं! सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण केलं खरं, आणि ते सेनाइदासाठी केलं.

सेनाइदा किआला म्हणजे साठी उलटलेली, ठेंगणी बाई. आवाज फाटका, हसणं मोठं. ती निळी, जुनी रशियन मॉस्कविच गाडी चालवायची. बाजाराच्या बायका, त्यांची केळी, कुणाची कोंबडी, कुणाचा पाय मोडलेला पोरगा, सगळं त्या गाडीत बसायचं. त्यावर नवरा-बायकोचं पोट चालायचं. आणि गल्लीत कुणाला रात्री-अपरात्री कळा आल्या, कुणाच्या छातीत दुखलं, तर ती पैशाचं नावही काढायची नाही.

गाडी मात्र नवऱ्याची, एवारिस्तोची. तो साखर कारखान्यात आदर्श कामगार ठरला तेव्हा गाडी विकत घ्यायची परवानगी बक्षीस म्हणून मिळाली होती. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळी माया त्या गाडीवरच. रविवारी तो गाडीला आंघोळ घालायचा आणि दाराला टेकून कुणी गप्पा मारल्या तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. त्याचा एकच कडक नियम होता: गाडीला धक्का मारून चालू करायचं नाही.

"ढकललेली गाडी म्हणजे मेलेली गाडी," तो म्हणायचा. "कारखान्याचा ट्रक माझ्या डोळ्यांदेखत गेला. उतारावर सोडला, गिअर टाकला, एक हिसका, आणि इंजिनच्या पोटात खडखडाट! आणि दुसरं म्हणजे, धक्का मागणं ही भीक आहे. मी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, माझी गाडीही पसरणार नाही."

त्यात त्याला मोतीबिंदू झाला. एका डोळ्याला, मग दुसऱ्याला. दम्याची आणि साखरेची दुखणी असल्याने शस्त्रक्रिया पुढे पुढे जात राहिली. दिसेनासं झालं तेव्हा त्याने किल्ली सेनाइदाच्या हातात ठेवली आणि वर म्हणाला, "बॅटरी गेली तर नवी मिळेपर्यंत गाडी विटांवर चढव. धक्का मारलास असं कळलं तर मी स्वतः चाकं काढून विकीन."

आणि बॅटरी गेली. लगेचच गेली मेली! दिवे मिणमिणण्यापुरता तिच्यात जीव, स्टार्टर फिरवायला नाही. नवी बॅटरी त्या काळात बेटावर शोधून सापडत नव्हती. गाडी विटांवर चढवायची तर चूल कशावर पेटवायची? सेनाइदाने दोन दिवस डोकं धरून काढले. तिसऱ्या दिवशी कॉफीचा पेला नवऱ्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "बॅटरी मिळाली हं. पण दारात गाडी चालू केली की धूर घरात येतो, तुझ्या छातीला सोसत नाही. मी गाडी कोपऱ्यापर्यंत सोडते आणि तिथे चालू करते."

"शहाणी आहेस," एवारिस्तो म्हणाला. तिला रडू आलं. इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

पण घरापासून कोपऱ्यापर्यंत उतार अगदी नावाचा, गाडी आपोआप घरंगळेल एवढा नाही. खरा उतार त्यापुढे. म्हणजे तिथवर ढकलायला माणसं हवीत, तीही मुकी. ती समोरच्या लिसांद्रोकडे गेली. लिसांद्रो म्हणजे डॉमिनोचा राजा, गल्लीचा भोंगा.

"गप्प राहून धक्का देशील?"

"गप्प राहून? मी?" लिसांद्रोने छातीवर हात ठेवला. "अगं, मी झोपेतही बोलतो, बायकोला विचार!"

"एवारिस्तोला कळलं तर गाडी जाईल रे."

लिसांद्रोच्या पोरीला ती तापाने फणफणत असताना याच गाडीने इस्पितळात नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अनवाणी हजर, चपलांचा आवाज नको म्हणून. मागोमाग ओब्दुलिया आली, निवृत्त शाळामास्तरीण. तिने वर्गात ठेवायची तसं ओठांवर बोट ठेवलं. मग शेजारचे आणखी आले. सगळे मागे हात लावून उभे राहिले. सेनाइदाने हात हलवला आणि गाडी अशी निघाली जशी पाण्यावरून होडी. कोपऱ्याखाली, उतार लागल्यावर तिने क्लच सोडला. खाली लांबवर इंजिन गुरगुरलं. खिडकीत बसलेल्या एवारिस्तोने मान डोलावली. "काय बॅटरी आहे!" तो म्हणाला.

मग हे रोजचंच झालं. चक्रीवादळाच्या दुसऱ्या दिवशी पडलेल्या फांद्या बाजूला सारून झालं. आदल्या दिवशी कडाकडा भांडलेले दोन शेजारी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता ढकलायचे. लिसांद्रोला खोकला यायचा तेव्हा तो शर्ट तोंडात कोंबायचा. आणि खिडकीतून एवारिस्तो म्हणायचा, "हल्ली सकाळी गल्ली किती शांत असते! माणसं सुधारली बरं का, सेनाइदा." ती आरशात बघून डोळे पुसायची आणि हसायचीही.

मनातून मात्र ती घाबरलेली असायची. दर वेळी क्लच सोडताना जो हिसका बसायचा तो तिला स्वतःलाच बसल्यासारखा वाटायचा. नवऱ्याचं म्हणणं खरं असेल तर? आपण त्याचं लेकरू रोज थोडं थोडं मारतोय की काय?

शेवटी एवारिस्तोची शस्त्रक्रिया ठरली. दवाखान्याची गाडी येऊन त्याला घेऊन गेली. आता तो बघणार. बॉनेट उघडणार, कान लावणार, त्याला सगळं कळणार. तिने रादामेसला बोलावलं. रादामेस गाड्या दुरुस्त करायचा, शब्द मोजून बोलायचा.

"गिअरबॉक्स खाली उतरव. क्लच उघड. इंजिनातली साखळी बघ. काय मेलं असेल ते मला आजच कळू दे."

त्याने रस्त्यातच पोती अंथरली. गल्ली भोवती जमली. एकेक भाग तेलात धुऊन पोत्यावर ठेवला जात होता आणि सेनाइदा देवीच्या नावाने पुटपुटत होती. रादामेसने गिअरच्या दात्यांवरून बोट फिरवलं. उजेडात धरलं. पुन्हा फिरवलं.

"बोल ना रे, जीव जातोय माझा!"

"काही नाही झालेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. क्लचची तबकडी झिजलीय, पण या चढांवर सगळ्यांचीच झिजते. धक्का म्हणजे एक हिसका, बाई. दुसऱ्या गिअरमध्ये, बेताच्या वेगात सोडलं तर गाडीला त्याचं फार काही वाटत नाही. पहिल्या गिअरमध्ये दणका मारला असतास तर गोष्ट वेगळी."

"आणि कारखान्याचा तो ट्रक?"

"तो उतारावर मागे घरंगळत असताना पुढचा गिअर टाकला असणार. इंजिन उलटं फिरलं आणि साखळी दात्यांवरून सरकली. तो धक्का नव्हता, तो गाढवपणा होता."

गल्लीने एवढा मोठा श्वास सोडला की दारातले पडदे हलले असतील. तेवढ्यात रादामेस हात पुसत गाडीच्या मागे गेला आणि म्हणाला, "झीज झालीय ती इथे. ये, बघ."

ती मागे गेली. आणि बघतच राहिली. गाडीची पाठ नेहमी भिंतीकडे, मधे ढकलणारे उभे राहण्यापुरती जागा, आणि ती स्वतः कायम पुढे स्टिअरिंगमागे. मागची बाजू तिने कधी धड पाहिलीच नव्हती. एवारिस्तोने जपलेला तो निळा रंग डिकीच्या काठावरून पार उडाला होता. खालचा पत्रा लख्ख चकाकत होता, आणि त्या चकाकीत तळवे उमटले होते. खरेखुरे तळवे! एका बाजूला लिसांद्रोचे रुंद पंजे, पत्र्याला खोलगट करून गेलेले. मधे बारीक बोटं, ओब्दुलियाची. दिव्याजवळ खाली दोन लहान हात. ते लिसांद्रोच्या पोरीचे, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. नुसत्या हातांनी लोखंड झिजवलं होतं माणसांनी. सेनाइदाच्या अंगावर काटा आला. देवळातही तिला असं कधी झालं नव्हतं.

"उद्या तो यायच्या आत रंग मारून टाकू," लिसांद्रो दबक्या आवाजात म्हणाला. दबकं बोलायची त्याला सवयच लागली होती. "माझ्या मेव्हण्याकडे निळा आहे. अगदी तसा नाही, पण चालेल."

"नको," सेनाइदा म्हणाली.

"वेडी आहेस का? तो चाकं विकेल!"

"विकू दे. याच्यावर रंग मारायला माझा हात उठायचा नाही."

रादामेसने रात्रीतूनच गाडी परत जोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी एवारिस्तो आला. काळा चष्मा, हातात औषधाच्या थेंबांची बाटली. घरात न जाता तो सरळ गाडीकडे गेला. पुढून बघितली, खूश झाला. काच पुसली. मग फिरून मागे आला आणि थांबला. डॉमिनोचा डाव अर्धवट राहिला. सेनाइदा रिकाम्या हातांचं काय करावं ते न सुचून त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. बॅटरी कधी आलीच नव्हती, हे आधी. मग बाकीचं.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"आणि मला ऐकू कसं आलं नाही? कान तर शाबूत होते माझे."

"आम्ही बोललो नाही म्हणून," लिसांद्रो म्हणाला.

एवारिस्तोने त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तू बोलला नाहीस? तू? लेका, तू तर स्वतःच्या बापाला पुरतानाही बडबडत होतास!"

लिसांद्रोने मान खाली घातली.

एवारिस्तोने चकाकत्या पत्र्यावर हात ठेवला. सावकाश, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर नेत गेला. "मी याला भीक म्हणत होतो," तो म्हणाला. हात तिथेच ठेवून तो पुढे म्हणाला, "सगळी गल्ली आहे इथे. माझाच हात नाही."

"एवारिस्तो..."

"बस आत. किल्ली फिरव."

"अहो, डॉक्टरांनी जोर लावायला मना केलंय तुम्हाला!" ओब्दुलिया ओरडली. "डोळा फुटेल!"

"जोर लावत नाही, मास्तरीणबाई. नुसता हात ठेवतो."

ओब्दुलियाने त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली. सेनाइदा स्टिअरिंगमागे बसली. गाडी हलली, कोपरा आला, उतार आला. आता क्लच सोडायचा. पण डोळ्यांसमोर सगळं पाणीच पाणी, आणि पाय काही केल्या वर उचलेना. मागून लिसांद्रो आकाश फाटेल असा ओरडत होता, "सोड! सोड, बाई!" गाडी तशीच मुकाट उतरत गेली, खालच्या गल्लीपर्यंत. तिथे तिने कसाबसा ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडली.

वरून, चढाच्या टोकावरून, एवारिस्तोचा आवाज आला. तो धापा टाकत होता.

"तिथेच थांब गं, सेनाइदा! आम्ही येतोय!"