रिकाम्या फोल्डरांचा समारंभ

आमच्या विज्ञान महाविद्यालयात डिसेंबर ते मार्च हा शिकवण्याचा काळ नसतो, 'आगामी कार्यक्रमां'चा असतो. सूचना फलकावर कागदावर कागद चढत जातात: विज्ञान दिन, भित्तिपत्रक स्पर्धा, प्रश्नमंजूषा, पाहुण्यांचं व्याख्यान, माजी विद्यार्थी मेळावा. आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, पदवीप्रदान समारंभ. मी रसायनशास्त्र शिकवायचं असं माझ्या नेमणूकपत्रात लिहिलं आहे. प्रत्यक्षात मी बॅनर बदलायचो.

हे विनोदाने म्हणत नाही. मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की वर्षभराचे कार्यक्रम आठवड्यात उरकावे लागत. सभागृह एक, मुलं तीच, पाहुणेही पुष्कळदा तेच. सकाळी 'पर्यावरण आणि आपण', फोटो. चहा. मागचा बॅनर उतरवून दुसरा लावायचा, पुढच्या रांगेतल्या मुलांना मागे आणि मागच्यांना पुढे बसवायचं, आणि 'बौद्धिक संपदा हक्क: एक परिचय', फोटो. एकदा प्राचार्य आत डोकावून हळूच म्हणाले, "सर, पाहुण्यांना निदान जॅकेट काढायला सांगा. दोन्ही फोटोंत तेच दिसतंय." पाहुण्यांनी जॅकेट काढलं. दोन्ही व्याख्यानांत मुद्दे मात्र तेच राहिले, कारण फोटोत मुद्दे दिसत नाहीत.

मुलं हे सगळं का सोसत? श्रेयांकांसाठी, म्हणजे क्रेडिटांसाठी. महाविद्यालयाला स्वायत्तता आली आणि तिच्यामागून जादा श्रेयांक आले. सगळे विषय सुटले तरी हे जादा श्रेयांक पुरे नसतील तर पदवी नाही. ते मिळवण्याची रीत सोपी होती: कार्यक्रमाला येऊन खुर्चीवर बसायचं. शिपाई रांगेरांगेतून हजेरीचा कागद फिरवी, मुलं सह्या करत आणि मान खाली घालून मोबाइल बघत. ज्ञानाशी इतका प्रामाणिक व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तुम्ही बसा, आम्ही देतो.

या बॅनरबाजीत माझा उजवा हात म्हणजे तिसर्‍या वर्षाची एक मुलगी. लोणी काळभोरची, शेतकर्‍याघरची. वडील फुलं लावत आणि मार्केट यार्डात आणून विकत. घरी ती 'हाय-न्हाई' बोलत असेल, पण माइक हातात आला की पेठेतल्या मुलींनी कान पकडावेत असं सूत्रसंचालन करी. पाहुणे उशिरा आले तर पंधरा-वीस मिनिटं सभागृह धरून ठेवी. पाहुण्यांचा परिचय मी चिठ्ठीवर खरडून देई, आणि ती त्यातून माणूस उभा करी. काही पाहुण्यांना आपण एवढे मोठे आहोत हे तिच्याकडूनच पहिल्यांदा कळलं असावं.

एकदा तिने विचारलं, "सर, माझी हजेरी कशी लागणार? मी तर वर असते."

"तुझी काळजी नको," मी म्हणालो. "सूत्रसंचालनाचे श्रेयांक मी वेगळे कळवतो. तू माइक सांभाळ."

मी कळवले नाहीत. का नाही, याला थोर कारण असतं तर फार बरं झालं असतं. राहून गेलं. पुढचा बॅनर आला, त्याच्या पुढचा आला. जूनमध्ये ती चांगल्या गुणांनी पास झाली, आमच्याकडेच एम.एस्सी.ला आली, आणि मीही विसरलो.

जानेवारीत पदवीप्रदान समारंभ ठरला. आता गाऊन नव्हते. गाऊन म्हणजे गुलामगिरी, असं कुठेतरी वर ठरलं आणि आम्ही लगेच स्वतंत्र झालो. मंचावरच्यांना पगड्या, विद्यार्थ्यांना उपरणी. पगड्या कसबा पेठेतल्या एका दुकानातून भाड्याने आणल्या. दुकानदाराने विचारलं, "मापं?" आम्ही म्हणालो, "मोठी माणसं आहेत." तो म्हणाला, "डोकी म्हणतोय मी, डोकी." मापं नेली नव्हती. परिणामी प्रमुख पाहुण्यांची पगडी भुवयांपर्यंत उतरली, आणि उपप्राचार्यांची भोपळ्यावर टोपण ठेवावं तशी बसली. फुलांची सजावट मात्र देखणी झाली. ती त्या मुलीच्या वडिलांनी केली होती. "माझ्या पोरीच्या कॉलेजचं काम," असं म्हणून पहाटे स्वतः शेवंती घेऊन आले.

समारंभाच्या विद्यार्थ्यांची यादी कार्यालयाकडून आदल्या संध्याकाळी माझ्या हातात आली. तिच्या नावापुढे 'अपात्र, उपस्थिती अपूर्ण' असा शेरा होता. वाचताक्षणी सगळं लक्षात आलं. जिच्याशिवाय आमचा एकही कार्यक्रम झाला नाही, तिची कार्यक्रमांना उपस्थिती अपूर्ण होती. खुर्चीवर बसलेले सगळे पदवीधर झाले होते, उभी असलेली एकटी राहिली होती. सकाळी लवकर येऊन कार्यालयात सांगू, असं ठरवलं. सकाळी पुष्पगुच्छ मोजण्यात गुंतलो. तिला फोनही केला नाही. फोन करून सांगायचं काय?

समारंभात मी मंचाच्या पायरीशी उभा होतो, यादी हातात घेऊन. काम एवढंच: नाव पुकारलं की मुलाला वर सोडायचं. उजव्या हाताने हस्तांदोलन, डाव्या हातात फोल्डर, कॅमेर्‍याकडे बघणं. फोल्डर रिकामे होते, हेही सांगून टाकतो. दरवर्षी रिकामेच असतात. आत एक चिठ्ठी असते: 'मूळ प्रमाणपत्र नंतर कार्यालयाच्या खिडकीवरून न्यावे.' म्हणजे त्या दिवशी तिला वर सोडलं असतं तरी विद्यापीठाची एक काडीही इकडची तिकडे झाली नसती. तिने रिकामा फोल्डर घेतला असता, फोटो निघाला असता, आणि उरलेलं मी सोमवारी निस्तरलं असतं. पण उपप्राचार्य पगडी सावरत माझ्या मागेच उभे होते, आणि ते नियमाचे पक्के. नियम दुसर्‍याला लागू होत असला तर फारच.

ती रांगेत आली. नवी साडी, खांद्यावर उपरणं. तिसर्‍या रांगेतून तिच्या माणसांनी हात उंचावले. टेम्पो भरून आली होती मंडळी: आई, वडील, चुलते, आत्या, शेजारपाजारचे.

मी हळूच म्हणालो, "तू जरा बाजूला थांब. यादीत तुला अपात्र धरलंय."

तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "कशामुळे?"

"उपस्थिती."

"सर, पण ती तुम्ही कळवणार होतात ना?"

"हे बघ, इथे नको. मागे मुलं खोळंबलीत."

तेवढ्यात मागचा मुलगा म्हणाला, "सर, मला उपरणं कमी पडलंय." उपप्राचार्य म्हणाले, "अहो, तिचं द्या की. तिला आता काय करायचंय?"

मी तिच्या खांद्यावरचं उपरणं काढलं. तिने पिन लावली होती, ती मला निघेना. मग तिनेच काढून दिली.

समारंभ झाल्यावर अंगणात अल्पोपाहार होता. वडील मला शोधत आले. हात जोडले. उपप्राचार्य शेजारीच बशीतला ढोकळा संपवत होते.

"सर, आमच्या पोरीचं नाव न्हाई आलं. काय चुकलं का तिचं?"

आता बोलायची वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं: चूक माझी. पण ते वाक्य उपप्राचार्यांच्या कानावर गेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात माझ्या बढतीची मुलाखत होती. मी म्हणालो, "तिची उपस्थिती कमी भरली."

"म्हंजे? ती कॉलेजला येत नव्हती?"

"नोंदीत तसं आहे."

"रोज सकाळच्या बसनं जायाची की हो. घरी यायला दिवेलागण व्हायची." त्यांचा आवाज खाली आला. "मग जायाची कुठं?"

शहरातल्या मुलाची उपस्थिती कमी भरली तर तो आळशी ठरतो. गावाकडच्या मुलीची कमी भरली तर काय ठरतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या चेहर्‍यावर ते ठरताना मी बघितलं. तरी म्हणालो, "तुम्ही तिच्याशी बोला," आणि पाण्याच्या पिंपाकडे गेलो. उपप्राचार्य मागून म्हणाले, "पालकांना नीट समजावलंत. आवडलं आपल्याला."

दुसर्‍या आठवड्यापासून एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तिची जागा रिकामी दिसू लागली. मी विचारलं नाही. तिच्या मैत्रिणीनेच एकदा ब्युरेट धुता धुता ऐकवलं, "तिला घरी बसवलंय, सर. कॉलेजच्या नावाखाली कुठे हिंडत होतीस, असं विचारतात घरचे."

"अरेरे," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली आणि मी फ्लास्कमधल्या दर्शकाचा रंग बघत राहिलो.

त्या दिवशी मी एक अर्धवट काम केलं. कार्यालयात जाऊन तिचे श्रेयांक कळवले. कारकून म्हणाला, "एवढे महिने कुठे होतात?" मी म्हणालो, "कार्यक्रम होते." तो म्हणाला, "तुमचे कार्यक्रम म्हणजे लग्नसराई झाली हो, नवरी तेवढी मांडवाबाहेर." पण नोंद केली. तिची पदवी मोकळी झाली. मी स्वतःला सांगितलं, झालं, निस्तरलं. घरी कळवायचं मात्र राहिलंच. मग विज्ञान दिनाची तयारी लागली, नवा सूत्रसंचालक शोधायचा होता. नवा मुलगा पाहुण्यांच्या आडनावावरच अडखळला. सभागृह हसलं, मी नाही. बढतीही झाली. मुलाखतीत 'कार्यक्रम संयोजनातील भरीव योगदान' याचे गुण मला पैकीच्या पैकी मिळाले.

मार्चमध्ये एकदाचा लोणी काळभोरला गेलो. सोलापूर रस्त्यावर उतरून घर विचारत विचारत पोचलो. वडील ओसरीवर फुलांच्या पाट्या बांधत होते. मला बघून धडपडत उठले, सतरंजी टाकली, आत चहा सांगितला. इतका मान की मला बसवेना.

मी उभ्यानेच सांगितलं. ती रोज कॉलेजात होती. माझ्याच कार्यक्रमात माइकवर होती. तिची हजेरी मी कळवायची होती, ती मी कळवली नाही. आणि त्या दिवशी अंगणात मला हे ठाऊक होतं.

वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत बघून मोठ्याने हाक मारली. ती आली. हात ओले होते, पदराला पुसत दाराशी उभी राहिली.

"सर, आता जे बोललात ते हिच्यासमोर बोला."

मी पुन्हा बोललो. दुसर्‍यांदा जास्त अवघड गेलं.

ती म्हणाली, "मला माहीतच आहे की."

वडील तिच्याकडे वळले. "मग बोलली का न्हाईस?"

"बोलले होते, अण्णा. टेम्पोतच बोलले होते. तुम्ही म्हणालात, मास्तरावर ढकलू नको."

वडिलांनी पाट्यांकडे मान वळवली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेम्पोभर माणसं आणली हुती सर मी. त्यांच्यासमोर पोरगी खोटी पडली. आता तुम्ही मला एकट्याला येऊन खरं सांगताय. ते समदे कुठं हायेत इथं?"

मी म्हणालो, "मी त्यांनाही सांगेन."

"सांगाल," ते म्हणाले. त्यात विश्वास नव्हता, आणि नसावाच.

आईने चहा आणून ठेवला. कोणी घेतला नाही. मग त्या मुलीनेच विचारलं, अगदी कामाचं, माइकवरच्या आवाजात नव्हे, "सर, या सत्राच्या परीक्षेचा अर्ज अजून भरता येईल का?"

मुदत गेल्या आठवड्यात संपली होती. मी त्या आठवड्यात वार्षिक पारितोषिक वितरणाच्या पाहुण्यांना आणायला गाडी ठरवत होतो. दहा दिवस आधी आलो असतो तर तिचं वर्ष वाचलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मुदत संपली."

तिने मान हलवली. गृहपाठ सांगितल्यावर हलवावी तशी. "म्हणजे जुलैपासून," ती म्हणाली. मला नव्हे, वडिलांना. "जाऊ ना?"

वडिलांनी पाटीची दोरी पुन्हा हातात घेतली, गाठ मारली, सोडली. "जा," म्हणाले. "आन् सकाळच्या बसला मी येईन सोडायला. गावाला दिसू दे."

मला आता कोणी बसा म्हणालं नाही की निघा म्हणालं नाही. मी चप्पल घातली आणि निघालो. टेम्पोतल्या त्या माणसांना मी आजवर सांगितलेलं नाही. त्यांतल्या कोणाच्या हाती हे पडलं तर ती मुलगी कुठे जायची याचं उत्तर हेच: ती माझ्या कार्यक्रमाला यायची.