पत्र्याआडचे बुडबुडे

वेदवतीअक्कांना किळस सहजासहजी येत नसे. म्हैसूरच्या इस्पितळात, नवजात बाळांच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला कशाची येणार? पण नंजनगूडच्या कारखान्यात टेबलावरचं ते चकचकीत खोकं पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्या इथल्या पोरांना बाळांच्या श्वासाचं साधं यंत्र बनवायला शिकवत होत्या. सिलेंडरमधली हवा नळीने अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाकाशी न्यायची, तिथून दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत. पाणी बुडबुडतंय तोवर बाळाच्या श्वासाला आधार आहे. आवाज थांबला, की नळी सुटली. हातातलं टाकून धावायचं. वीज नको, खर्च थोडा. तालुक्याच्या दवाखान्याला झेपेल असं.

आता ती बाटली पत्र्याआड गेली होती. आवाज नको म्हणून आत स्पंज, आणि वर स्क्रीन.

"बाटली बघून खरेदीवाले हसतात हो सिस्टर," नील म्हणाला. पुण्याहून आलेला इंजिनियर, बोलायला गोड. "मासे कुठायत, विचारतात. स्क्रीन असली की मशीन वाटतं."

"कुणाला वाटतं? बाळाला?"

"नळी सुटली तर अलार्म वाजतो ना."

अक्कांनी प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली. मग त्यांनी चाचणीच्या बाहुलीच्या नाकातली नळी ओढून काढली. दोघं उभे राहिले. काही वाजलं नाही.

"बॅटरी पुढच्या मॉडेलला देतोय," नील पुटपुटला.

"पिरियापट्टणच्या दवाखान्यात करंट गेला की बाळाला काय सांगायचं? स्वल्प थांब रे, पुढचं मॉडेल येतंय?"

नीलने चाचणीचा अहवाल पुढे केला. अक्कांची सही झाली की खोकी सहा तालुक्यांत जाणार होती. सोबत छापून आलेलं माहितीपत्रक. त्यावर हसऱ्या अक्का, खाली 'अनुभवी हातांची पसंती'. विचारलंही नव्हतं कुणी. उष्ट्या ताटाला हात लागावा तसं त्यांनी ते बोटाने लांब सारलं.

मनात नंजुंडेश्वराचं नाव घेऊन त्यांनी अहवालावर लिहिलं, 'वीज गेली आणि नळी सुटली, तर सिस्टरला कळणार नाही.' खाली सही केली.

"असं लिहिलं तर कुणी घेणारच नाही, सिस्टर."

"त्यासाठीच लिहिलंय."

नीलने दुसरा कोरा फॉर्म सरकवला. अक्कांनी पेनाला टोपण लावलं आणि पत्रा काढायला स्क्रूड्रायव्हर मागितला.