पेढा नाही, बर्फी नाही

माझ्या डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या घातल्या होत्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी उजवी उचलली. खाली माझ्या गोळ्यांची पट्टी. तांदळाच्या डब्यात मी लपवलेली.

सासू कमरेवर हात ठेवून उभी. "बघा गं बायांनो, पाटलाच्या घरात येडी आणली आम्ही! डोक्याच्या गोळ्या खाती पोटुशीपणी. लेकरू काय निपजंल?"

करमाडच्या वीसेक बाया. कुणी हसलं. कुणी पदर तोंडाला लावला. माझी आई खाली बघत राहिली. फुलांच्या दागिन्यांत मी मढलेली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या महिन्यात ह्याच तोंडांना भिऊन मी गोळ्या सोडल्या होत्या. कुणाला न विचारता. चूक माझीच. झोप उडाली. मग भिंत बोलायला लागली, पोटात तुझं लेकरू नाही म्हणायची. एका दुपारी मी जालना रोडवर ट्रकांच्या मधून अनवाणी चालत होते. रसवंतीवाल्यानं हाताला धरून बाजूला ओढलं.

शहरातल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "धोका अजिबात नाही, असं मी कुठल्याच औषधाबद्दल सांगणार नाही. पण तुझ्या बाबतीत गोळी सोडण्यात धोका जास्त आहे. साखर तपासू, बाळावर लक्ष ठेवू. आपल्या मनानं बंद करू नको." इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नवरा घरी येताना एवढंच म्हणाला, "आईला कळू देऊ नको." म्हणून तो तांदळाचा डबा.

पट्टी हातात घेऊन मी उठले.

"आत्याबाई, तुमची बीपीची गोळी भिंतीतल्या देवळीत असती. समद्यांसमोर खाता. माझीच का तांदळात?"

"तोंड वर करून बोलती?"

"व्हय."

गोळीची वेळ झालीच होती. तांब्यातल्या पाण्यासोबत सगळ्यांदेखत गिळली. पट्टी देवळीत ठेवली, सासूच्या गोळ्यांना खेटून.

"ही इथून हलली, तर मीबी ह्या घरातून हलंन."

कुणी हसलं नाही. दुसरी वाटी मी उघडलीच नाही. पोटात मुलगा असो की मुलगी, त्याला शुद्धीवरची आई पाहिजे. ज्यांना लाज वाटत असेल त्यांनी तोंड लपवावं. मी आता काही लपवणार नाही.