उगवतीची भिंत

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी नऊच्या सुमारास आमची मिनीबस विट्यात चहाला थांबली होती आणि माझा फोन वाजला... काकूंचा.

"मॅडम, उगवतीची भिंत वली झालीया. काल सांजच्याला लय झोडपलं पावसानं. बोट लावलं की माती हातात येतीया."

चहाचा कप हातात तसाच राहिला.

थोडं मागचं सांगते. मी सांगलीत आर्किटेक्ट आहे. पर्यावरणाला कमीत कमी त्रास देणारी घरं बांधणारे आम्ही काहीजण महिन्यातून एका रविवारी कार्यक्रम करतो. भाषणं नाहीत, स्लाइड्स नाहीत... लोकांना सरळ अशा एका घरी न्यायचं आणि दाखवायचं.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी बांधलेल्या घराचा नंबर होता. माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडे, लष्करातून रिटायर झालेले सुभेदार आणि काकू यांचं घर. तिथल्याच मातीच्या, न भाजता नुसत्या दाबून केलेल्या विटा. बाहेरून गिलावा नाही. मातीचा रंग दिसला पाहिजे, ही हौस माझी.

बसमध्ये सव्वीस माणसं होती. त्यातलं कोरेगावचं एक जोडपं तर पुढच्याच महिन्यात अशाच घराचा पाया खणणार होतं. सोबत त्यांचे गवंडीही होते, साठीच्या घरातले. सगळे त्यांना मामा म्हणत होते.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार काय आला? त्या भिंतीला लागून सुभेदारांची खाट असते, हा नाही. लोक काय म्हणतील, हा.

"काकू, तिच्यावर काहीतरी टाकता येईल का? आमचा कार्यक्रम होईपर्यंत..."

काकू म्हणाल्या, "ताडपत्री हाय की. टाकते."

मायणी गाव मागे पडलं तरी मी खिडकीबाहेरच बघत होते. आभाळ भरलेलंच होतं. परत पाऊस आला तर? भिंत बसली तर? आणि नेमकी आत माणसं असताना? शेजारच्या बाई चुन्याबद्दल काहीतरी विचारत होत्या... मी काय उत्तर दिलं, देवाला माहीत.

पोचल्यावर मी आधी आत पळाले. सुभेदारांनी खाट आधीच दुसऱ्या खोलीत हलवली होती. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग मी सगळ्यांना मावळतीच्या बाजूला घेऊन गेले. तिकडे छपराचा पत्रा चांगला चार फूट पुढे काढलेला, भिंत खडखडीत कोरडी. मातीची भिंत पावसापासून कशी वाचवायची यावर मी बोलत होते... आणि माझाच आवाज मला खोटा वाटत होता.

तेवढ्यात कोरेगावची ती बाई एकटीच घराला वळसा घालून मागे गेली. मी घाईघाईने तिच्या मागे. बघते तर काकू ताडपत्रीला पाठ लावून उभ्या.

"तिकडं काय न्हाई ताई. आडगळ हाय नुसती."

या घराच्या विटा काकूंनी स्वतः वाहिल्या होत्या. येईल त्याला त्या कौतुकाने भिंतीवरून हात फिरवायला लावायच्या. आणि आज त्या माझ्यासाठी खोटं बोलत होत्या... स्वतःच्या अंगणात.

मला कसंतरीच झालं. मी पुढे होऊन ताडपत्री ओढून काढली. तोपर्यंत बाकीचेही आले होते.

"ही भिंत काल भिजली," मी म्हणाले. "चूक माझी आहे. आणि झाकून ठेवा असं फोनवर सांगितलं, तेही मीच."

एकाने मोबाइल काढून फोटो घेतला. घेऊ दे म्हटलं.

मामा पुढे आले आणि भिंतीपाशी उकिडवे बसले. नखाने माती खरवडली, थापीच्या मुठीने खाली-वर ठोकून बघितलं.

"पडत न्हाई भिंत," ते म्हणाले. "बोटभर भिजलीया वरनं. पर पत्रा हिकडं एवढुसाच का काढला वो?"

"पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून..."

"आवं, त्यो तुमच्या सांगलीला," काकू मधेच म्हणाल्या. "आमच्याकडं खरा पाऊस परतीचा. त्यो उगवतीकडनंच येतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमी इचारलं न्हाई."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. वर्षभर मी त्या जागेवर जात होते. माती तपासली, ऊन मोजलं... पण तिथे जन्म काढलेल्या बाईला, पाऊस कुठून येतो, एवढं विचारलं नाही.

भिंत नीट वाळू दिली आणि मग मामा माझ्याबरोबर परत दहिवडीला आले. उगवतीचा पत्रा तीन फूट पुढे घेतला, खालच्या थरांना चुन्याचा गिलावा केला. माझा मातीचा रंग तेवढा झाकला गेला. कोरेगावच्या जोडप्याने पायाचं काम पुढे ढकललंय. "या आमच्याकडे," ती बाई म्हणाली, "पण आधी माझ्या सासूबाईंशी बोला."

नंतर एकदा तिकडे जोराचा पाऊस झाला. मी सांगलीत ऑफिसमध्ये फोन हातात धरून बसले होते, पण लावायचा धीर होईना. शेवटी दुपारी तीनला लावला. सुभेदारांनी उचलला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "कोरडी हाय, मॅडम. जेवून घ्या आता."

मी खरंच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं...

घर त्यांचं भिजलं, आणि काळजी ते माझी करत होते. काकू, सुभेदारसाहेब... तुमच्या घराने मला विचारायला शिकवलं. मनापासून आभार.