काळ्या कानाची उंटीण

बाबांनी गाडीत बसल्याबसल्या तीच गोष्ट पुन्हा काढली. बाबा म्हणजे माझे मालक. बहारीनमध्ये घरच्या वयस्कर मालकाला आम्ही ड्रायव्हर लोक बाबाच म्हणतो. उम्म अल हस्सममध्ये त्यांच्या घरामागच्या खोलीत मी राहतो. त्यांना दवाखान्यात, मशिदीत, बाजारात नेणं-आणणं माझ्याकडे. हिंदी त्यांचं मोडकं, अरबी माझं मोडकं, पण ही गोष्ट मला तोंडपाठ झाली आहे.

बाबांच्या आजोबांचे उंट हिवाळ्यात पलीकडच्या वाळवंटात चरायला जायचे. एका पहाटे दुसऱ्या टोळीने धाड घातली आणि अख्खा कळप हाकून वेगळ्याच राज्याच्या हद्दीत नेला. हद्द म्हणजे काय, तर नकाशावर ओढलेली रेघ. उंटांना आणि धाड घालणाऱ्यांना तिची काय फिकीर! इकडचे लोक उट्टं काढायला निघणार, तेवढ्यात इंग्रज साहेब मध्ये पडला. दोन्ही बाजूंना तंबूत बसवलं, हिवाळाभर बोलणी झाली आणि उंट परत आले. एक सोडून. आजोबांची लाडकी, काळ्या डाव्या कानाची पांढरी उंटीण वाटेत मेली, असं त्यांनी सांगितलं. साहेबाला घाई असावी. त्याने दोघांकडूनही शब्द घेतला, की यापुढे कुणी धाड घालायची नाही आणि कुणी मागणी करायची नाही. खलास.

मेली कसली! पुढे त्या टोळीत पांढरी पिल्लं जन्मू लागली, आणि प्रत्येकाचा डावा कान आईसारखाच काळा. सगळ्यांना कळलं, पण बोलायची सोय नव्हती. बाबांच्या घराने मागितली तर शब्द मोडला, त्यांनी आपणहून दिली तर चोरी कबूल केली. पिढ्या गेल्या, वैरही निवलं. आता त्या घराण्यातले शेख दर हिवाळ्यात समुद्रावरचा पूल ओलांडून इथे झल्लाकजवळच्या आपल्या शेतावर येतात आणि बाबांना कॉफीला बोलावतात. दोघे म्हातारे पावसापाण्याच्या गप्पा मारतात. उंटांचा विषय निघत नाही. बाबा जातात ते कुंपणापलीकडच्या उंटांवर नजर टाकायला.

त्या वर्षी शेखांच्या शेतावर जाताना गोष्ट संपल्यावर बाबा नेहमीसारखे गप्प झाले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाले, डोळे फार दिवस साथ देणार नाहीत. पुढच्या हिवाळ्यात दिसेल की नाही सांगता येत नाही. त्या वंशातली एक आपल्या दारात उभी राहिलेली बघायची होती, एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या बांधावरचा फणस मोजणीत चुलत्यांकडे गेला, तेव्हा माझे वडील असेच बघायचे त्याच्याकडे. मागितला असता तर चुलत्यांनी दिलाही असता. पण मागायचा नाही म्हणजे नाही.

एरवी मी अशा वेळी इतर ड्रायव्हरांबरोबर बाहेर बसतो. त्या दिवशी शेखांनी मलाही आत बोलावलं. वाळवंटातली माणसं, त्यांना पाहुणा तो पाहुणा. मी बाबांच्या शेजारी गालिच्यावर मांडी घातली. शेखांचा पुतण्या कॉफी ओतत होता. निखाऱ्यावरून उतरवलेली, वाफाळती. आणि कप असा, की त्याला ना कान, ना खाली बशी.

आता माझी पंचाईत समजून घ्या. मी कोकणातला. आमच्याकडे चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची आणि भुरका मारायचा. गरम कप थेट तोंडाला लावायची सवयच नाही मला. हाताला चटका बसला तसा मी कप गुपचूप समोर ठेवला. म्हटलं, होईल दोन मिनिटांत कोमट.

पुतण्या कॉफीदाणी घेऊन जागच्या जागी थांबला. बाबांनी माझा गुडघा असा दाबला की मी कळवळलोच. शेख माझ्याकडे वळले आणि मान किंचित झुकवून म्हणाले, "बोल. काय हवंय?"

पुतण्याला हिंदी येत होतं, त्याने हळूच सांगितलं. पाहुणा न पिता कप खाली ठेवतो, तेव्हा त्याचं काहीतरी मागणं असतं. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि पाहुणा कॉफी न पिता उठून गेला तर घराची अब्रू जाते.

अहो, मला फक्त बशी हवी होती! तसं सांगून मोकळं होता आलं असतं. सगळे हसले असते, मीही हसलो असतो. बाबाही डोळ्यांनी तेच सांगत होते, की चूक झाली म्हण आणि पी. पण माझी नजर दाराबाहेर गेली. कुंपणाशी एक लहान पांढरी उंटीण उभी होती, डावा कान काळाभोर. आयला, म्हटलं, हीच वेळ आहे. आज नाही तर कधीच नाही.

मी बोट दाखवलं. "ती. काळ्या कानाची."

शेखांचा चेहरा हलला नाही. त्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी सावकाश विचारलं, "कोणासाठी?"

सगळं त्या एका प्रश्नात होतं. बाबांसाठी म्हटलं, तर ती मागणी झाली. आजोबांचा शब्द तिथेच मोडला असता, तोही एका ड्रायव्हरच्या तोंडून.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

शेखांच्या मिशीखाली हसू आलं आणि ते पसरतच गेलं. मला तर वाटतं, ते कैक वर्षं याचीच वाट बघत होते. "पी," ते म्हणाले, "ती तुझी." मी कप उचलून एका घोटात संपवला. जीभ भाजली, पण असा आनंद झाला होता की उठून नाचावंसं वाटत होतं.

परत येताना हमरस्ता लागला तशी बाबांची तोफ सुटली. मी मूर्ख आहे, उद्धट आहे, मला रीतभात नाही, आणि ही उंटीण मी ठेवणार कुठे, माझ्या खोलीत? मी म्हटलं, तुमच्या शेळ्यांच्या वाड्यात जागा आहे, तिथे राहू दे. त्यांनी मला आणखी दोन शिव्या दिल्या आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसत होते, आणि मी आरशात बघतोय हे त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी ती वाड्यात आली. बाबा दिवसभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले, जेवणसुद्धा तिथेच मागवलं.

नंतर मी सुट्टीवर गावी आलो. आधीच्या सुट्ट्यांत बाबांनी कधी फोन केला नव्हता. आता रोज दुपारी यायचा. तुझ्या उंटिणीला सावलीत बांधू का, तुझ्या उंटिणीला खजूर दिले तर चालेल का. जागा त्यांची, चारा त्यांचा, आणि परवानगी माझी! बायको हसून हसून बेजार व्हायची.

एका दुपारी आवाज वेगळा वाटला. सकाळपासून काहीच दिसत नाही, म्हणाले, अंधार झालाय. मी अंगणात आमसुलं वाळत घालत होतो, तसाच उभा राहिलो. मिळेल त्या विमानाने येतो म्हटलं. घाई नको, ते म्हणाले, मुलगा आहे सोबत. मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, आता पुरे झालं, ती तुमचीच आहे, तुमचीच होती, आता तरी आपली म्हणा.

"नाही," ते म्हणाले. "आजोबांनी शब्द दिलाय. ती तुझीच राहू दे. मला फक्त तिच्याजवळ बसू दे."

बसा, म्हटलं. फोन ठेवला आणि बायकोसमोरच ढसाढसा रडलो.