कुरुंद्याची गंजी आणि पडलेला तारा

एका ताऱ्यापायी झालेला खर्च असा: परभणीहून हट्टा आणि पुढे वसमत, मोटारभाडं निजामाच्या हाली नाण्यात एक रुपया दोन आणे, वसमत ते कुरुंदा बैलगाडी, बारा आणे, दोन दिवस दुकानाला कुलूप. तारा मी पाहिलाच नाही. तो पडला तेव्हा मी दुकानात मान खाली घालून तराजू बघत होतो.

डोक्यावर भांडी घेऊन गावोगाव फिरत मी ते दुकान उभं केलं. हळद शिजवायच्या माझ्या सहा कढया हंगामात भाड्यानं जात, प्रत्येकीबरोबर शिजवणारा माझा माणूस. बारा वर्षांत एकही माणूस मला सोडून गेला नाही, हे मी चारचौघांत आवर्जून सांगत असे. लढाईचे दिवस होते, नवं लोखंड डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि नेमकं तेव्हा कुरुंद्याहून, कढईबरोबर गेलेल्या माझ्या कादरभाईंचं कार्ड आलं: दिवेलागणीला आभाळातून मोठा जाळ आला, ज्यांची हळद शिजवतोय त्या केरबारावांच्या कडब्याच्या गंजीवर पडला, गंजी जळाली. ठिणगी तुमच्या चुलाणाचीच म्हणून त्यांनी कढई अडकवली आहे आणि मला गाव सोडायला सांगतात. लवकर या.

शिजवणाऱ्याच्या हातून आग लागली अशी बोलवा झाली, की पुढं कुठल्याच गावात त्याला कोणी चुलाणापाशी उभं करत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी कार्ड वाचून पहिला संशय मला कादरभाईंचाच आला.

हट्ट्याला मोटार तासभर थांबते. चहा बरा असतो, भजी घेऊ नका. हॉटेलात ताऱ्याचीच चर्चा चालली होती. जपानी विमान पडलं का बघायला पोलीसही येऊन गेला होता म्हणे. हॉटेलवाला म्हणाला, या पिंपळामागं पडला, माझ्या डोळ्यांनी पाहिला. न्हाव्याचं म्हणणं, मशिदीमागं. एक गुराखी नाल्यापलीकडं दाखवत होता. शेवटी न्हावी हॉटेलवाल्याला म्हणाला, "तू गल्ल्यावर बसून राहिला व्हता. तिथून तुला पिंपळाबिगर दिसतंय काय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. हे वाक्य मी जपून ठेवलं.

वसमतहून कुरुंद्याची वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात धूळ नाकात बसते, तेव्हा उपरणं बरोबर असू द्या. शिवारभर शिजत्या हळदीचा ओला, तिखटसर वास. केरबारावांच्या शेतात मात्र चुलाण थंड होतं आणि गंजीच्या जागी राखेचा काळा गोल.

कादरभाई पुढं आले. लोकांदेखत मी त्यांना तोंड उघडायला सांगितलं आणि शिंदी प्यायल्याचा वास येतो का पाहिलं. आला नाही.

मग मी एकेकाला विचारत सुटलो, तारा कुठं पडला? चुलाणापाशी जाळ घालणाऱ्या बाया म्हणाल्या, गंजीमागं. कादरभाईही तेच म्हणाले, आणि लगेच तिथं जाळ दिसला म्हणून त्यांना वाटलं ताऱ्यानंच पेटवली. गावातल्या देवळापुढं बसलेले म्हातारे म्हणाले, वेशीच्या बुरुजामागं. ज्याच्या समोर जे, त्याचा तारा त्याच्यामागं.

केरबारावांचा धाकटा भाऊ मारोतराव म्हणाला, "मी बी देवळातच व्हतो. विहिरीवरच्या जांभळीमागं गेला बगा, बराबर शेंड्यातून."

देवळापुढून घरं आडवी येतात, शेत आणि त्यातली ही विहीर दिसत नाही. चुलाणापासून बघावं तर जांभूळ गंजीच्या आड. मी राखेच्या गोलाजवळ जाऊन उभा राहिलो. जांभूळ नाकासमोर.

"मारोतराव," मी म्हटलं, "तुमी गंजीला टेकून बसला व्हता."

मग त्यानं कबूल केलं. भाऊ चिलीम ओढू देत नाही म्हणून तिथं लपून बसला होता. उजेड पाहिला तोवर ठीक, पण मग तोफेसारखा आवाज झाला आणि हातातली चिलीम कडब्यात गेली. केरबाराव त्याच्याकडं बघून कादरभाईंना एवढंच म्हणाले, "तकलीफ दिली भाई तुमाला," आणि कढई सोडली.

संध्याकाळी केरबारावांकडं भाकरी, ठेचा, वर दूध. कुरुंद्याला गेलात तर पाहुणचाराला कमी पडणार नाही. मी रंगात येऊन हट्ट्याची गंमत सांगितली. कादरभाई एका बाजूला वाळूनं कढई घासत होते. जेवायला या म्हटलं, तर म्हणाले, "हो जाने दो शेठ, आधी हे."

परतीच्या मोटारीत कादरभाई बरोबर होते. मी त्यांना म्हणालो, वाचवलं की नाही तुम्हाला? ते बाहेर बघत म्हणाले, "व्हय शेठ. पण आधी वास घेतला."

परभणीला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. त्या वाटेनं जाणाऱ्याला मी आजही सांगतो, तारा पडला म्हटलं की कुठं विचारू नका, तू कुठं होतास ते विचारा. ऐकणाऱ्याला हे आवडतं.

पुढच्या हंगामात कादरभाईंनी दुसऱ्याची कढई घेतली.