सुभेदारांच्या हद्दी

फोन वाजला की सुभेदार उठून उभे राहायचे, मग तो दुसऱ्याच्या टेबलावरचा का असेना. लष्करात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. मिरजेच्या आमच्या हॉस्पिटलात टेलिफोनचं काम ते बघत आणि मी त्यांच्या हाताखाली होते. सांगली, सातारा आणि फलटणला आमच्या शाखा; सगळीकडचे फोन इंटरनेटवरून एकाच यंत्रणेला जोडलेले.

यंत्रणेत प्रत्येक शाखेचा वेगळा झोन. सुभेदार त्याला हद्द म्हणत. फलटणचा नंबर लावला की फोन फलटणच्या हद्दीत वाजायचा. तिथं उचलणारं कुणी नसलं तर साताऱ्याच्या हद्दीत जायचा. हे भेटेल त्याला समजावून सांगायची त्यांना भारी हौस. त्यांना येताना पाहून डॉक्टर मंडळी जिना बदलत.

शाखांत फिरायचं काम सगळं त्यांच्या एकट्यावर. शर्टाच्या आत पाठीचा पट्टा बांधून एसटीनं या शाखेतून त्या शाखेत. दुसरा माणूस मागा, असं मी सुचवलं की म्हणायचे, "मागून मागून बी दमलो ताई."

फलटणला तातडीचा विभाग नव्या इमारतीत गेला, तेव्हा तिथला नवा फोन त्यांनी सकाळी साताऱ्यात बसून तयार केला आणि दुपारी फलटणला नेऊन जोडला. त्यावरून बाहेर फोन लावून पाहिला, लागला. पण यंत्रणेत त्याची हद्द साताराच राहिली होती. फलटणच्या हद्दीत तातडीचा फोनच नाही, असं धरून यंत्रणा येणारे फोन साताऱ्याला पाठवू लागली.

दुसऱ्या दिवशी फलटणजवळच्या एका गावातून फोन आला. घरधनी जेवताना कोसळले होते. साताऱ्यात फोन उचलणाऱ्या बाईंनी तत्परतेनं रुग्णवाहिका पाठवली, ती साताऱ्याहून. फलटणच्या शाखेची गाडी तिथल्या दारात उभीच होती. माणूस वाचला, पण उशिरामुळं उजवा हात कायमचा लुळा पडला.

इंटरनेटची लाइन गेली होती, असं सांगायचं वरच्या लोकांनी ठरवलं. सुभेदार बैठकीत म्हणाले, "लाइन न्हाई गेली. मी चुकलो." बाहेर बोलू नका, अशी त्यांना ताकीद मिळाली. रविवारी ते मला घेऊन त्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मुलगा उठून बाहेर गेला. म्हातारीनं चहा ठेवला. कप पुढं करताना तिनं विचारलं, "आता तरी लागतोय का फोन?" सुभेदारांनी तिच्याच मोबाइलवरून फलटणचा नंबर लावून दिला. पलीकडून उत्तर आलं, तेव्हा ती नुसती "बरं हाय" म्हणाली.

त्यानंतर त्यांचं समजावणं बंद झालं. रोज सकाळी स्वतःच्या मोबाइलवरून ते प्रत्येक शाखेला फोन लावत आणि पलीकडच्याला विचारत, "तुमी कुठनं बोलताय?" लोक हसायचे, पुढं वैतागायला लागले. वर्ष संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली. निरोपाचा हार घालून घेतला, दोन शब्द मात्र बोलले नाहीत.

आता यंत्रणा माझ्याकडे आहे. सांगलीची हद्द बिघडली तेव्हा मी त्यांना गावी फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"ताई," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी इचारा. मला आता कुठं झोप लागाय लागलीया."

तुमची तब्येत सांभाळा, म्हणून मी फोन ठेवला. नंतर कधी केला नाही.